भोपाळचा कचरा जळाला, पण कुठला?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर निम्मी माणसं इंदूरची, निम्मी पुण्याची. तिथे 2025 च्या जुलैपासून एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतोय. वर कंटेनरच्या ताफ्याचा फोटो आणि खाली साधारण असं: चाळीस वर्षांनी भोपाळचं विष संपलं, युनियन कार्बाइडचा सगळा विषारी कचरा पीथमपूरला जाळून टाकला, आता तिथली जमीन आणि पाणी स्वच्छ आहे. गॅस तर 1984 मध्येच उडून गेला, भरपाईही कधीच मिळाली, तरी काही संघटनांचं रडगाणं चालूच. परवा माझ्या मामेभावानेही तो खाली अंगठा जोडून पुढे ढकलला. त्याला लिहिलेलं उत्तर लांबत गेलं, ते इथे टाकतोय.

कंटेनरचा फोटो खरा आहे. 1 जानेवारी 2025 च्या रात्री बारा बंद कंटेनर भोपाळहून निघाले आणि सुमारे 250 किलोमीटरवरच्या धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचले. आधी चाचणी म्हणून 30 टन जाळले, मग मे महिन्यापासून तासाला 270 किलो या बेताने उरलेले 307 टन. जूनअखेरीस काम संपलं. एकूण 337 टन.

घोळ आहे तो "सगळा" या शब्दात.

हे 337 टन म्हणजे कारखान्याच्या आवारात इकडेतिकडे पडलेला, वीस वर्षांपूर्वी गोळा करून पोत्यांत भरून शेडमध्ये रचलेला माल. त्यात 162 टन नुसती माती होती. बाकी सेविन या कीटकनाशकाचे आणि ते बनवायला लागणाऱ्या नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट तयार झालेली कीटकनाशकं, रिअ‍ॅक्टरमधला गाळ. थोडक्यात, फावड्याने उचलता आला तेवढा. जमिनीत मुरलेल्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कुठल्या आंदोलकाने मांडलेला नाही. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था या दोन सरकारी संस्थांनी 2010 मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला तो 11 लाख टनांचा. आता भागाकार करा. जळालं ते दहा हजार भागांतले तीन भाग. अंगण चिखलाने भरलंय आणि आपण चपलेला लागलेला चिखल पुसून मोकळे झालो, असा हा प्रकार.

"गॅस 1984 मध्येच उडून गेला" हे वाक्य मात्र बरोबर आहे. म्हणूनच ते इथे गैरलागू आहे. या एका वाक्यामुळे निम्मा गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

भोपाळमध्ये दुर्घटना दोन घडल्या. एक 2 डिसेंबरच्या मध्यरात्रीची, सगळ्या जगाला माहीत असलेली. 610 क्रमांकाच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हे रसायन पाण्याशी झटपट रिअ‍ॅक्ट होतं. त्या रात्री टाकीत पाणी शिरल्यानेच तर सगळा अनर्थ झाला. ते विहिरीत चाळीस वर्षं टिकून राहील, असं कुणीच म्हणत नाही.

दुसरी दुर्घटना त्याआधी पंधरा वर्षं, रोज थोडीथोडी घडत होती. कारखाना 1969 मध्ये सुरू झाला. कीटकनाशकं बनवताना उरणारा गाळ, वापरलेले द्रावक, बिघडलेल्या बॅचेस हे सगळं आवारातच खड्डे करून टाकलं जायचं. 1977 मध्ये आवाराबाहेर उत्तरेला मोठमोठी तळी खणली, तळाशी प्लास्टिक अंथरलं आणि त्यात सांडपाणी सोडलं. कल्पना अशी की उन्हाने पाणी उडून जाईल आणि गाळ खाली राहील. भोपाळच्या पावसाळ्यात ही तळी काय सुकणार, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेल तर त्याचं काही झालेलं दिसत नाही. 1982 मध्येच तळ्यातून गळती होत असल्याचं कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात आलं होतं. पुढे अमेरिकेतल्या खटल्यांत आणखी एक कागद बाहेर आला. 1989 मध्ये कंपनीने आवारातली माती आणि पाणी स्वतःच तपासलं होतं, आणि त्या नमुन्यांत सोडलेले मासे झाडून सगळे मेले होते. वस्तीतल्या लोकांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. ते हापसा मारत राहिले.

म्हणजे त्या रात्री टाकीचा व्हॉल्व्ह उघडला नसता आणि भोपाळचं नाव जगाने कधी ऐकलं नसतं, तरी कारखान्याशेजारच्या अटल अयूब नगर या वस्तीचं पाणी बिघडलंच असतं. गॅसपीडित वेगळे आणि पाणीपीडित वेगळे. काही घरांच्या नशिबी दोन्ही आलं. पाणीपीडितांत तर 1984 नंतर स्वस्तात जागा मिळाली म्हणून तिथे राहायला आलेली माणसंही आहेत, ज्यांनी गॅस कधी पाहिलाच नाही.

"चाळीस वर्षांत जे काही होतं ते विरून गेलं असेल," असंही कुणी म्हणेल. कशाने विरणार? इथल्या भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोबेंझीन गटातली द्रव्यं सापडली आहेत. ही पाण्याहून जड असतात. तेलासारखी वर तरंगत नाहीत, खडकाच्या फटीफटींतून खाली उतरून बसतात. तिथे ऊन नाही, वारा नाही. तिथून ती वर्षानुवर्षं थोडीथोडी विरघळून पाण्यात येत राहतात, आणि पाणी वाहतं तिकडे जातात. तिथल्या मातीत सापडलेल्या पाऱ्याचं तर बोलायलाच नको. तो मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होऊन दुसरं काही बनत नाही.

लखनौच्या विषशास्त्र संस्थेने, म्हणजे पुन्हा सरकारी प्रयोगशाळेनेच, केलेल्या तपासण्यांत आधी 22 वस्त्यांचं भूजल दूषित ठरलं, 2018 मध्ये 42 वस्त्यांचं. जास्त ठिकाणी तपासलं म्हणूनही आकडा वाढला असणार, हे मान्य. पण विरत चाललेलं विष तपासणीगणिक नव्या वस्तीत सापडत नाही.

मजकुराच्या एका आवृत्तीत "मंत्र्याने कचरा हातात धरून दाखवला, काही झालं नाही" असंही जोडलेलं आहे. घटना खरी. 2009 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी तिथे कचऱ्याचा खडा हातात घेतला आणि मी जिवंत आहे, खोकतही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. एक बिडी ओढूनही कुणी मरत नाही. प्रश्न वीस वर्षं रोज हंडे भरून तिथलं पाणी पिणाऱ्यांचा आहे.

आता नळ आले, मग अडचण काय? नळ आले, कारण 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना बाहेरून स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं कधी टँकर, कधी टाक्या, कधी काहीच नाही. जमिनीखालचं पाणी चांगलं असतं तर हा सगळा खटाटोप कुणी केला असता?

भरपाईचं थोडक्यात सांगतो. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली ती गॅसने झालेल्या मृत्यूंची आणि इजांची. मातीची आणि पाण्याची सफाई त्यात मोजलेलीच नव्हती. 1998 मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली. 2001 मध्ये डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि ही जबाबदारी आमची नाही, हे तेव्हापासूनचं तिचं उत्तर आहे. हे 337 टन न्यायला आणि जाळायला 126 कोटी रुपये मंजूर झाले, तेही केंद्र सरकारच्या तिजोरीतून. म्हणजे मामेभावा, तुझ्यामाझ्या करातून.

राहता राहिला "संपलं" हा शब्द. भट्टीत चुना आणि इतर पदार्थ घालावे लागतात, त्यामुळे 337 टन जाळून राख आणि अवशेष मिळून आठशे टनांहून जास्त उरले. ते पीथमपूरच्या त्याच आवारात ठेवले, शेजारी तारपुरा गाव. ते कुठे पुरायचे यावर उच्च न्यायालयात पुन्हा वाद झाला. पीथमपूरचं पाणी वाहत यशवंत सागर तलावाकडे जातं, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे, आणि यशवंत सागरचं पाणी इंदूरच्या काही भागांत नळाला येतं. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी तेवढं एकदा आपल्या वॉर्डात विचारून घ्यावं.