किती वेळ बसता?

ध्यान करते असं कुठे बोलून गेले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "किती वेळ बसता?" मी दहा-बारा मिनिटं म्हटलं की समोरचा माणूस असा बघतो, जसं आमचे साहेब टार्गेट न गाठणाऱ्याकडे बघतात. मग तो सांगतो की त्याच्या मेहुण्याचा भाऊ पहाटे चारला उठून दोन तास बसतो. बसू दे बाबा. त्याचा डबा कोण भरतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मार्च एंडिंगच्या तोंडावर आमच्या बँकेने ठेवलेलं ऑनलाइन तणावमुक्ती सत्र. वेळ दुपारी चार, म्हणजे नेमकी कॅश जुळवायची. स्क्रीनवरच्या बाई गोड आवाजात सांगत होत्या, विचार येतील, त्यांना जाऊ द्या. इकडे शेजारच्या कॅशियरचे पाचशे रुपये जुळत नव्हते. ती बिचारी डोळे मिटून बसायच्या ऐवजी तिसऱ्यांदा बंडलं मोजत होती. सत्र संपलं, सगळ्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि त्याच रात्री पावणेअकराला ग्रुपवर शाखावार विम्याच्या टार्गेटची यादी आली. तणावमुक्ती झाली होती ना, मग आता टार्गेट द्यायला हरकत काय!

माझं ध्यानाशी भांडण नाही. मी करते आणि सोडणारही नाही. पण त्याने होतं काय आणि होत नाही काय, हे स्पष्ट बोललं पाहिजे. ध्यानाने माझं ताणलेलं अंग सैल होतं. वरून पडणारं काम त्याने कमी होत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि हल्ली पहिलं हातात देऊन दुसऱ्याबद्दल गप्प बसवायची पद्धत पडली आहे.

इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला मी जाऊन आले आहे. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, कुरमुरे आणि फळ. फी नाही, ज्याला द्यायचं त्याने शेवटी दान द्यायचं. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. मला तिथे काही दिव्य वगैरे दिसलं नाही. पण माझे दात कायम आवळलेले असतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. जबडा घट्ट, जीभ टाळूला चिकटलेली. कधीपासून, देव जाणे. आता काउंटरवर कोणी आवाज चढवला की सगळ्यात आधी मला माझा जबडा कळतो, आणि तो कळला की तोंडातून निघणारं वाक्य बरेचदा बदलतं. बरेचदा. नेहमी नाही. दहा दिवसांतून मला मिळालं ते एवढंच, आणि मी ते मोठंच मानते.

शिबिर संपताना सांगतात, घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. बदलापूरला पाणी यायची वेळ, दोन डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि ती ठरावीक लोकल यांच्यामध्ये एक तास कुठून काढायचा? माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी तर दोन तास जमत नाहीत याचंच टेन्शन घेऊन बसल्या आहेत. एकीने ॲप घेतलं. ते सलग किती दिवस केलं त्याचा आकडा दाखवतं आणि एक दिवस चुकला की शून्यावर आणतं. दिवसभर टार्गेटखाली राबणाऱ्या बाईला घरी आल्यावर श्वासाचंही टार्गेट!

ही शिबिरं भारतात सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकाजींच्या गुरूंची गोष्ट मला म्हणूनच आवडते. सयाजी ऊ बा खिन हे काही अरण्यात राहणारे भिक्षू नव्हते. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हाचे ते महालेखापाल, म्हणजे आमच्याच जातकुळीतले, फायली आणि आकडे यांतले. त्यांनी आपल्या कार्यालयातल्या लोकांनाही ध्यान शिकवलं. गोएंका रंगूनमधले बडे व्यापारी होते आणि अर्धशिशीने इतके बेजार की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर हे त्यासाठी नाही, असं त्यांना ऐकवण्यात आलं. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईतच झालं, आईवडिलांसाठी. ऊ बा खिन यांची ती अट मला फार मोठी वाटते. आजचं कुठलंही तणावमुक्ती सत्र काढा, गिऱ्हाईक डोकेदुखी घेऊनच आलेलं असतं आणि त्याला दारातून परत पाठवायची कोणाची तयारी नसते.

आता माझी दहा-बारा मिनिटं. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत नशिबाने बसायला मिळतं. कल्याणपर्यंत डबा त्यातल्या त्यात शांत असतो, तेवढ्यात मी डोळे मिटते. कल्याणनंतर ध्यान नाही, तिथून पुढे चौथ्या सीटचं राजकारण. शुद्ध विपश्यनावाले म्हणतील की ही विपश्यना नव्हे. नाहीच. मी फक्त श्वास सोडायला जरा जास्त वेळ घेते.

हे जास्त वेळ घेणं मात्र फालतू नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. त्यामुळे सोडणं लांबवलं की शरीराला थांबायचा निरोप मिळतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक मजेशीर अभ्यास आला होता. लोकांना लॅटिनमध्ये ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, नंतर 'ओम मणि पद्मे हूं' म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची लय जुळून आली. धर्म दोन, भाषा दोन, श्वास सहाच. आमच्या गाडीत टाळ वाजवत जाणाऱ्या भजनी मंडळाला मी पूर्वी सकाळी सकाळी कटकट म्हणायचे. हल्ली म्हणत नाही. अर्थात अगदी कानाशी वाजवले तर म्हणतेच.

दुसरी युक्ती उसाशाची. लहानपणी घरी उसासा टाकला की आजी ओरडायची, "तिन्हीसांजेला उसासे टाकू नयेत, घराला लागतात." तर स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये रोज पाच मिनिटं, महिनाभर, वेगवेगळे श्वासाचे प्रकार आणि साधं ध्यान यांची तुलना केली. मूड सुधारण्यात सगळ्यात पुढे निघाला तो उसासा. नाकाने श्वास घ्यायचा, भरत आला की वर आणखी एक छोटा घ्यायचा आणि मग तोंडाने सावकाश, पार संपेपर्यंत सोडायचा. मी हे व्हॉल्टमध्ये जाते तेव्हा करते. तिथे मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे कोणी शोधत येत नाही.

रात्रीचं वेगळं. पाठ टेकली की उद्याची सगळी कामं डोक्यात रांग लावतात. यावर मला उपयोगी पडला तो साधा कागद. बँकेतून निघताना रद्द व्हाउचरच्या पाठीवर उद्याची कामं लिहायची, कोणाला फोन करायचा त्याच्या नावासकट. बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये असाच एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे लोक, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. "कर्जाची फाइल बघणे" असं मोघम लिहिलं तर ती फाइल रात्रभर बघितली जाते, हा माझाही अनुभव. आणखी एक म्हणजे फोन रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला. चार वाजताचा चहा बंद केला, झोप सुधारली. आणि स्टेशनपासून शेअर रिक्षा सोडून चालत जायचं.

त्या चालण्याला कमी लेखू नका. २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, जवळपास साडेतीन हजार माणसांचा आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता आणि नैराश्य थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होतं असं त्यात दिसलं. पण औषधं, व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ध्यान उपयोगी, पण सगळ्यांवर उतारा नाही. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कारण नसताना छातीत धडधडतं, जीव नकोसा वाटतो, त्याला कृपा करून "जरा मेडिटेशन कर" असं सांगू नका. त्याने डॉक्टरकडे जायचं असतं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

आता वरून पडणाऱ्या कामाकडे येते. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणींची गर्दी ज्या ज्या बँकवाल्यांनी झेलली त्यांना वेगळं सांगायला नको. शाखा उघडायच्या आधी रांग रस्त्यापर्यंत. खातं आधारला जोडलं आहे का, हा एकच प्रश्न प्रत्येकीचा, आणि तो विचारायला तासभर उभं राहायचं. त्या बायका चिडलेल्या, आम्ही चिडलेले. मी व्हॉल्टमध्ये जाऊन किती उसासे टाकले असतील! काही फरक नाही. फरक पडला तो आमच्या शिपायाने दाराबाहेर एक टेबल टाकलं तेव्हा. तिथे एक जण बसला, खातं जोडलेलं आहे की नाही एवढंच बघून सांगायला. ज्यांचं जोडलेलं होतं त्या तिथूनच घरी गेल्या. रांग निम्म्यावर आली, माझा जबडा आपोआप सैल झाला. टेबलाने जे केलं ते श्वासाला कधीच करता आलं नसतं.

तेव्हापासून मी डोळे उघडले की स्वतःला एक प्रश्न विचारते. आत्ता जे टोचतंय त्याला श्वास पाहिजे की टेबल? सासूबाईंचं दुखणं, गाडी उशिरा, मुलाचा निकाल, इथे श्वास. रात्री पावणेअकराची टार्गेटची यादी, तिथे टेबल. पण टेबल मागायला तोंड उघडावं लागतं, आणि आपण बायका आणि एकूणच नोकरदार माणसं त्यापेक्षा डोळे मिटणं पसंत करतो. कारण त्याचं कौतुक होतं. शांत आहेत हो मॅडम, कधी चिडत नाहीत.

तर सत्राच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. भांडायला नाही. म्हटलं, सर, साडेआठनंतर ग्रुपवर काही टाकू नका, सकाळी टाका, आम्ही तेव्हाच बघणार आहोत. साहेब म्हणाले, मलाही वरून तेव्हाच येतं. ते खरंही असेल, त्यांचाही बीपी वाढलेला आहे. मग चहा झाला, थोडी घासाघीस झाली. सध्या रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी ग्रुप गप्प असतो. रोजच्या साडेआठचं बोलणं अजून चालू आहे.