एका बोर्डापायी अख्खा कूलर भंगारात

आज दुपारी जळगावात पारा ४५ अंशांच्या घरात असताना सर्व्हिस सेंटरमधून फोन आला की, आमच्या कूलरचा बोर्ड जळाला आहे, ते मॉडेल बंद झाल्याने नवा बोर्ड मिळणार नाही, तेव्हा दुसरा कूलर घेतलेला बरा. त्याला अजून तीन उन्हाळेही झालेले नाहीत. मोटार शाबूत आहे, पंप पाणी उचलतो, टाकीला तडा नाही. तरीही तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीपायी हे सगळे भंगारात घालायचे!

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अण्णांनी १९९१ साली पत्र्याचा कूलर बनवून घेतला होता. होळी झाली की ते तिन्ही जाळ्या काढून धूत, जुने गवत फेकून नवे भरत आणि टाकीला आतून डांबर लावत. एकदा ऐन मे महिन्यात मोटार जळाली, तेव्हा त्यांनी चार बोल्ट सोडले, मोटार पिशवीत घालून सायकलला अडकवली आणि मला मागे बसवून वाइंडिंगवाल्याकडे नेले. जळकी तार कापताना त्याने वेढे मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहिला, तेवढीच तांब्याची तार पुन्हा भरली आणि बुशही नवे बसवले. संध्याकाळी कूलर सुरू झाला.

वस्तू तेव्हाही बिघडत होत्या, पण त्या उघडता येत होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज खाली-वर होते, ते जुनी मोटार बरेचसे सोसून घेई. बोर्डाला ते सोसत नाही. हे ठाऊक असूनही साध्या फिरत्या बटणाच्या जागी बोर्ड घालायचा आणि दोन वर्षांत तो बनवणेच बंद करायचे, ही मला सरळसरळ लुबाडणूक वाटते. बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४ साली जिनिव्हात एकत्र येऊन बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणले आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड लावला. म्हणजे ही वृत्ती आजची नाही.

पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसे दगावली आहेत, हे मान्य. आपल्यालाच स्वस्त हवे असते, हेही खरे. पण मी स्वस्तातला घेतला नव्हता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, चांगलेच केले. मात्र सुटा भागच मिळणार नसेल तर त्या हक्काचे मी काय करू? भिंतीवर खडूने आकडा लिहिणाऱ्या त्या माणसाला कोणताही हक्क मागावा लागला नव्हता.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. आई ओला पंचा अंगावर घेऊन शेजारच्या खोलीत पडली आहे आणि अण्णांचा कूलर कुठे आहे, असे तिने दोनदा विचारले. तो यावलकडे धाकट्या भावाच्या शेतातल्या खोलीत आहे; उद्या तो टेम्पोने आणतो म्हणाला. गवत आणि डांबर मी आणून ठेवले आहे, वायरमनला अर्थिंग तपासायलाही सांगितले आहे. मोटारीचे बुश मात्र वाजते आहे. जळगावात कोणी जुना वाइंडिंगवाला माहीत असेल, तर कृपया कळवा.