‘डिग्री कशाला, टूल शिका’: सायबर फॉरेन्सिकवरच्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. सायबर फॉरेन्सिकची (संगणक-मोबाइलमधला पुरावा शोधून तपासण्याची) डिग्री म्हणजे पैशांचा चुराडा. तीन महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स केला की तेच काम येतं. सॉफ्टवेअर सगळं करतं, आपण बटण दाबायचं. डिलीट केलेलं काहीही परत काढता येतं. कायद्याचं वकील बघतील. नोकऱ्या फक्त पोलिसांत, त्याही निघत नाहीत. आणि उरलंसुरलं एआय गिळणार. खाली कुठल्यातरी क्लासची लिंक असते, हे वेगळं सांगायला नको.

यातली सगळ्यात मोठी थाप बटणाची, म्हणून सुरुवात तिथून.

फॉरेन्सिकची सॉफ्टवेअरं चांगली आहेत, यात वाद नाही. ऑटोप्सी नावाचं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. डिस्कची इमेज, म्हणजे तिची हुबेहूब प्रत, त्यात घातली की फाइली, फोटो, ब्राउझरची हिस्ट्री, कधीकाळी जोडलेले पेन ड्राइव्ह, सगळं तक्त्यात मांडून समोर येतं. पण तक्त्यातली वेळ कुठल्या घड्याळाची, हे कळायला हवं ना! समजा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून गोपनीय फाइल पेन ड्राइव्हवर गेल्याची तक्रार आहे. लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) पेन ड्राइव्ह जोडल्याची वेळ दिसते 13:10. पेन ड्राइव्हवर ती फाइल तयार झाल्याची वेळ दिसते 18:40. नवशिका लिहून मोकळा होतो: दुपारी एक दहाला पेन ड्राइव्ह लावला, संध्याकाळी सहा चाळीसला फाइल उतरवली. ज्याच्यावर संशय आहे तो दुपारी जागेवर होता आणि सहाला कार्ड स्वाइप करून निघाला. म्हणजे पेन ड्राइव्ह त्याने लावला आणि पुढचं काम साथीदाराने केलं. गोष्ट झकास जमली!

प्रत्यक्षात विंडोज रजिस्ट्रीतल्या नोंदींची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतं. फॅट 32 या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर मात्र संगणकाच्या घड्याळात दिसणारी स्थानिक वेळ जशीच्या तशी उतरते. 13:10 मध्ये आपले साडेपाच तास मिळवा, 18:40 होतात. दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात घडल्या, आणि त्या मिनिटाला तो बिचारा कुर्ल्याच्या पुढे लोकलमध्ये लटकत असेल. लॅपटॉपचं घड्याळ मुळात बरोबर होतं का, हा प्रश्न अजून बाकीच आहे. सॉफ्टवेअरने दोन्ही आकडे बरोबरच दाखवले होते. चूक झाली ती ते एका ओळीत लावणाऱ्याची. फाइल सिस्टिमचं सेमिस्टर कंटाळवाणं असतं हे मान्य, पण असा माणूस आरोपी होण्यापासून वाचतो तो त्याच सेमिस्टरमुळे.

आता ‘कायद्याचं वकील बघतील’. याला उत्तर जालन्यातून मिळतं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे अर्ज मुदत संपल्यावर स्वीकारले, असा आक्षेप घेऊन कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. सीडी होत्या, पण पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक प्रत कुठल्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं) वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै 2020 मध्ये न्यायालयाने ठरवलं की मूळ उपकरणच समोर आणलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत हे प्रमाणपत्र हवंच. (गोरंट्याल यांनी आपल्या हातातले सगळे प्रयत्न केले होते, म्हणून त्यांना त्यातून सूट मिळाली. प्रत्येकाला ती मिळेल या भरवशावर राहू नये.)

1 जुलै 2024 पासून 1872 चा पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता हे प्रमाणपत्र कलम 63 खाली येतं आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नमुन्यात हॅश व्हॅल्यू (डेटावरून गणिताने काढलेला, डेटा जरा बदलला तरी बदलणारा ठसा) लिहायची असते आणि ती कोणत्या अल्गोरिदमने काढली तेही. त्या दुसऱ्या भागाखाली सही करणाऱ्यालाच कलम माहीत नसेल, तर बचावाचा वकील त्याला उभ्या उभ्या सोलतो.

प्रश्न साधे असतात. जप्तीच्या पंचनाम्यात हॅश आहे का? लॅबला पोचेपर्यंत मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता? मध्ये कोणी उघडला का? इथे बरीच प्रकरणं अडखळतात. पेन ड्राइव्ह ‘जरा बघू काय आहे’ म्हणून राइट ब्लॉकरशिवाय (ड्राइव्हवर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणाशिवाय) साध्या विंडोज लॅपटॉपला लावला, की एकही फाइल न उघडता विंडोज त्यावर स्वतःचं एक फोल्डर तयार करू शकतं. अख्ख्या ड्राइव्हची आधी काढलेली हॅश मग जुळत नाही. पुरावा लगेच बाद होतो असं नाही, पण काय बदललं आणि काय बदललं नाही हे साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, समजेल अशा मराठीत, कोणीतरी सांगायला लागतं. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये याचा तास मी तरी पाहिलेला नाही.

डिलीट केलेलं सगळं परत येतं? जुन्या हार्ड डिस्कच्या जमान्यात बरंच यायचं. एसएसडीमध्ये (नव्या, चिपवाल्या ड्राइव्हमध्ये) फाइल काढली की ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिम नावाचा आदेश पाठवते आणि ड्राइव्ह ते ब्लॉक आपल्या सवडीने पुसून टाकतो. तुम्ही इमेज काढत असतानाही त्याचं हे काम आत चालू असू शकतं. आजच्या मोबाइलमध्ये साठवण एनक्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. किल्ली गेली की उरतो निव्वळ कचरा. शिवाय फोन बंद करून सुरू केला आणि पिन टाकला नाही, तर बहुतेक डेटा कुलूपबंदच राहतो. म्हणून जप्तीच्या वेळी चालू फोन बंद करायचा की नेटवर्कपासून तोडून चालूच ठेवायचा, हा निर्णय पुढच्या सगळ्या तपासाचं भवितव्य ठरवतो. कधी कधी नशीब साथ देतं: चॅटच्या डेटाबेसमध्ये काढून टाकलेल्या ओळी काही काळ रिकाम्या जागेत पडून असतात. मिळतात तेव्हा मिळतात. मिळाल्या नाहीत हेही अहवालात तितक्याच स्पष्टपणे लिहायचं असतं.

एथिकल हॅकिंग म्हणजे हेच काम, हा समज तसा निरागस आहे. हॅकिंगवाला दार उघडं आहे का ते तपासतो. इन्सिडन्ट रिस्पॉन्सवाल्याला, म्हणजे सायबर हल्ला हाताळणाऱ्याला, बोलावतात ते चोर आत असताना किंवा निघून गेल्यावर. 27 जून 2017 ला न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या मालवेअरमुळे (घातक सॉफ्टवेअरमुळे) ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला तो मालवेअर मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला आणि इथपर्यंत आला. स्क्रीनवर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. दिसायला रॅन्समवेअर, काम विध्वंसाचं. हे पहिल्या काही तासांत ओळखणारा माणूस आणि पैसे भरायची तयारी करणारा माणूस यांत फरक आहे. मशीन बंद करायचं की नुसती नेटवर्कची वायर काढायची? बंद केलं तर रॅममधलं (चालू मशीनच्या तात्पुरत्या मेमरीतलं) सगळं गेलं, चालू ठेवलं तर एनक्रिप्शन पुढे सरकणार. याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं असतं, आणि ते देण्याआधी मशीनच्या आत काय चालतं ते ठाऊक असावं लागतं.

एआयचा मुद्दा. लॉगचे (संगणकाने ठेवलेल्या नोंदींचे) ढीग चाळायला एआय उपयोगी आहे, वापरावंच. पण 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे 2021 मध्ये एका अमेरिकी कंपनीने भारतीय वीज क्षेत्राच्या नेटवर्कवर चिनी गटाचा वावर दिसल्याचा अहवाल दिला, राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता मांडली, आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. नेटवर्कमध्ये मालवेअर सापडणं हा एक निष्कर्ष झाला. त्याच मालवेअरने वीज घालवली हा दुसरा, आणि त्याला स्वतंत्र पुरावा लागतो. त्या अमेरिकी अहवालातही हा संबंध सिद्ध झालेला नाही, असंच म्हटलं होतं. बातम्यांनी मात्र दोन्ही एकत्र करून टाकले. भाषेचं मॉडेलही असाच गुळगुळीत धागा विणून देईल. त्या धाग्यातली गाठ कुठे सुटी आहे, हे बघणाऱ्याला पगार मिळतो.

नोकऱ्यांबद्दल फॉरवर्ड अर्धा खरा आहे. सरकारी भरती रखडते, हे खरंच. तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम 176 नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, आणि हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. माणसं लागणार, कधी घेणार ते मंत्रालयालाच ठाऊक. पण मुंबईत फक्त पोलीसच आहेत का? रिझर्व्ह बँकेने 2016 मध्येच बँकांना सायबर घटना दोन ते सहा तासांत कळवायला सांगितलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाने सहा तासांची मुदत बाकीच्या कंपन्यांनाही लागू झाली, शिवाय 180 दिवसांचे लॉग जपून ठेवायचे. फोर्टपासून बीकेसीपर्यंतच्या बँका, ब्रोकर आणि ऑडिट कंपन्यांना हे काम चुकत नाही. सुरुवात मात्र ऐरोली-महापेकडच्या एखाद्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, रात्रपाळीत, अलर्ट बघत होते आणि त्यातले बहुतेक अलर्ट खोटे निघतात. हे कॉलेजच्या ब्रोशरमध्ये नसतं.

आणि हो, ‘पैशांचा चुराडा’ हा आरोप काही कॉलेजांना तंतोतंत लागू पडतो. दारावर सायबर फॉरेन्सिकची पाटी आणि आत पंचवीस साधे संगणक, एवढ्यावर लाखांत फी घेणारे आहेत. मुंबईत फोर्टमध्ये 2009 पासून सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, आधी तिथली चौकशी करा. दुसरीकडे जायचं असेल तर प्रवेशाच्या काउंटरवर न विचारता थेट लॅबमध्ये जाऊन विचारा. राइट ब्लॉकर किती आहेत आणि ते कपाटाबाहेर येतात का? मागच्या सेमिस्टरला मुलांनी स्वतः डिस्कच्या इमेज काढल्या का? पुराव्याचा कायदा कोण शिकवतं, कधी कोर्टात उभं राहिलेलं माणूस की गेस्ट लेक्चरची पीपीटी? मुलांच्या अहवालावर कोणी उलटतपासणी घेतं का? शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाचा अहवाल वाचायला मागा. त्यात स्क्रीनशॉट किती आणि स्वतःची वाक्यं किती, ते मोजा आणि मग फी भरायची की नाही ते ठरवा.