डिकीतली किल्ली, चोर स्विच आणि साखळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

दुचाकीची चोरी कशी टाळावी या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. एक, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरच्या जमान्यात कुलपं म्हणजे पैसे वाया, जीपीएस आणि चोर स्विच (गाडीची वीज तोडणारं लपवलेलं बटण) बसवा की झालं. दोन, दुचाकीच्या चोरीवरच्या लेखात पंक्चर किट आणि प्रथमोपचार विनाकारण कोंबलेत. तीन, ‘जादा किल्ली आणि आरसी सीटखाली असू द्या’ हा सल्ला म्हणजे चोराच्या हातात गाडी देणं.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. उलट तुम्ही लिहिलंय त्याहून तो सल्ला वाईट होता. चोरीचा क्लेम करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीबरोबरच गेली असेल, तर ‘निष्काळजीपणा’ या शब्दाभोवती पुढचे कित्येक महिने जातात. आरसीचा कागद तर जवळ बाळगायची गरजच उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत तपासणीला चालते. जादा किल्ली घरी ठेवा, आणि नव्या किल्ल्यांबरोबर नंबराची छोटी पट्टी आली असेल तर तीही तिथेच.

म्हणूनच दुसरा आक्षेप मात्र मान्य नाही. अडचणीसाठी म्हणून जे आपण गाडीत भरून ठेवतो, तेच चोरी झाली की गाडीबरोबर जातं. त्यामुळे गाडीतल्या पिशवीत काय असावं याला एकच चाळणी लावा: चोराला त्याचा उपयोग शून्य असला पाहिजे. पंक्चर किट, जादा फ्यूज, प्लगचा पाना, जाळीचं बँडेज, हातमोजे हे खुशाल ठेवा. घराच्या किल्ल्या आणि घरचा पत्ता असलेलं बिल एकत्र कधीच नको. संपर्काचे दोन नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी गाडीत नव्हे, खिशातल्या पाकिटात हवी. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही तीच माहिती भरून ठेवा. गोळ्या-मलमं डिकीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत ती खराब होतात. आणि पंक्चर किट घेण्याआधी टायर बघा. पोकर (भोकात घालायची टोकदार सळई) आणि चिकट दोऱ्यांचं किट फक्त ट्यूबलेसला चालतं. ट्यूबच्या टायरमध्ये पोकर घातला तर एका भोकाची दोन होतील.

आता कुलपं. ग्राइंडरसमोर कुठलंच कुलूप टिकत नाही, हे खरं. पण घराखाली रांगेत पंधरा गाड्या उभ्या असताना आवाज करत, ठिणग्या उडवत एकच गाडी कापत बसायला चोराला कारण नसतं. तो हँडल लॉकवरच सोडलेली गाडी शोधतो, कारण हँडल लॉकची आतली खिट्टी एका जोरदार झटक्यात तुटू शकते. ब्रेकच्या डिस्कमध्ये अडकवायच्या डिस्क लॉकने चाक अडतं, पण शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोघे जण उचलून टेम्पोत टाकू शकतात. त्याला उपाय एकच, खांबाला किंवा जमिनीत गाडलेल्या कडीला बांधणं. दहा मिलिमीटर कडीची मीटरभर साखळी दोन किलोच्या पुढे जाते, रोज कोण वागवणार, हा प्रश्न रास्त आहे. वागवूच नका. गाडी रोज सात-आठ तास जिथे एकाच जागी उभी असते, त्या पार्किंगमध्येच साखळी खांबाला कायमची राहू द्या आणि बाहेर जाताना डिस्क लॉक न्या. साखळी मागच्या चाकातून आणि शक्य असेल तर चॅसीतूनही (गाडीच्या सांगाड्यातून) घ्या. ती जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा आधार मिळाला की हातोडी आणि कटर दोन्ही सोपे होतात. वायरचं प्लॅस्टिक चढवलेलं कुलूप हेल्मेटसाठी ठीक, गाडीसाठी नाही.

डिस्क लॉक घेताना पिनेची जाडी डिस्कच्या भोकात बसते का ते दुकानातच बघा. पुढे ड्रम ब्रेक असेल तर तो प्रश्नच मिटला, साखळीच घ्या. लॉक लावून हँडलपर्यंत आठवणीची दोरी बांधा, कारण विसरून गाडी काढली की लॉक कॅलिपरवर (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागावर) आपटतं, गाडी आडवी होते आणि डिस्क वाकते. पावसाळ्यात कुलपाचं भोक खाली ठेवा आणि आत तेलाऐवजी ग्रॅफाइट पावडर घाला. तेलावर धूळ बसून चिखल होतो.

चोर स्विचबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘दोनशे रुपयांत काम.’ काम होतं, पण स्विच कुठल्या वायरीत टाकला यावर सगळं अवलंबून आहे. सेल्फच्या वायरीत टाकलेला स्विच बिघडला तर गाडी सुरू होत नाही, एवढंच. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाच्या वायरीत टाकलेला चोराला जास्त अडवतो, पण त्याचा सांधा सैल झाला तर घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन बंद पडेल. टेप गुंडाळलेले सांधे पहिल्याच पावसात दगा देतात. क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा सांधा) आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर घट्ट बसणारी नळी) वापरणारा इलेक्ट्रिशियन नसेल तर हा उद्योग करूच नका. वॉरंटीतल्या गाडीची वायरिंग कापण्याआधी तर दोनदा विचार करा.

जीपीएस चोरी थांबवत नाही, फक्त गाडी कुठे आहे ते सांगतो, तेही सिमचं रिचार्ज संपलेलं नसेल तर. शिवाय तो बॅटरी खातो. उभ्या गाडीत 10 मिलीअँपियर घेणारा ट्रॅकर दिवसाला 0.24 अँपियर-अवर ओढतो, म्हणजे 4 अँपियर-अवरची बॅटरी आठ दिवसांत निम्मी. गावाला जाऊन आल्यावर ‘सेल्फ उचलत नाही’चं कारण कधी कधी हेच असतं. एअरटॅगसारख्या चकतीला हा त्रास नाही, पण अनोळखी टॅग बरोबर फिरतोय अशी सूचना ती चोराच्याही फोनवर देऊ शकते. ठिकाण दिसलं तरी एकट्याने जाऊ नका, पोलिसांना द्या.

गाडी जागेवर नसेल तर आधी वाहतूक शाखेने उचलून नेली का ते विचारा. नसेल तर 112 आणि लगेच पोलीस ठाणं. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. चॅसी आणि इंजिन नंबरचा फोटो फोनमध्ये असू द्या. एफआयआरमध्ये वेळ अचूक लिहून घ्या. नंतर त्या नंबरवर चलान आलं किंवा गुन्हा झाला तर तीच ओळ उपयोगी पडते. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. एफआयआर तत्काळ केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय, पण तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची! गाडी सापडली नाही तर पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही) लागतो, कर्ज असेल तर बँकेचं पत्रही. आणि फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) आहे का ते आजच उघडून बघा.

मूळ लेखातली सीटखालच्या किल्लीची ओळ काढली आहे. ती का काढली, हे तिथेच तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून लिहिलं आहे.