जखमेच्या टाक्यांतून लस येत असताना ‘पाच दिवसांच्या गोळ्या’

माझ्या आत्याचा उजवा गुडघा बदलून पाच आठवडे झाले आहेत. ती नौपाड्यात राहते, तिला मधुमेह आहे, आणि गेल्या आठवड्यात टाक्यांच्या खालच्या टोकाशी लस दिसू लागली तेव्हा तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवण्याऐवजी मला एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवला आणि खाली लिहिले, ‘‘अरे, हे वाच आणि येताना गोळ्या घेऊन ये.’’ मी डॉक्टर नाही, केमिस्ट आहे; परंतु त्याच आठवड्यात काउंटरवर आणखी तिघांनी हाच संदेश मोबाइलवर दाखवल्यामुळे त्याचे उत्तर देणे मला भाग आहे.

संदेशाचा आशय असा : कृत्रिम गुडघ्याजवळ होणारा पू म्हणजे शरीर परका धातू बाहेर टाकत असल्याची खूण असते, पाच दिवस अँटिबायोटिक घेतले की तो थांबतो, सर्जनकडे गेल्यास ते सुई घालतात, सुईनेच जंतू आत जातात आणि मग पुन्हा चिरावे लागते, ताप नसेल तर इन्फेक्शन नसते, वर्ष उलटले की धोका संपतो, महागडा सांधा बसवणाऱ्यांना हा त्रास होतच नाही, आणि म्हणून घाबरू नये.

धातूच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी माणसाच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवले होते की एरवी पू होण्यासाठी लाखो स्टॅफिलोकोकस जंतू लागतात, मात्र त्याच जागी रेशमी टाक्याचा धागा असेल तर काहीशे जंतूही पुरतात. परकी वस्तू जंतूंना थारा देते, एवढाच याचा अर्थ. पू होतो तो जंतूंमुळे, आणि ते बहुतेक वेळा आपल्याच त्वचेवर किंवा नाकात राहणारे स्टॅफिलोकोकस असतात. धातूची अ‍ॅलर्जी क्वचित असू शकते, पण तिने पू होत नाही.

खरा घात पाच दिवसांच्या गोळ्यांनी होतो. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला जो बुळबुळीत थर धरतो, तसाच थर जंतू धातूवर आणि प्लॅस्टिकवर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. टाकीत नुसते औषध ओतून तो थर निघत नाही, आत उतरून घासावे लागते. तसेच येथे आहे : सुट्या जंतूंना मारणारी मात्रा थराच्या आत दडलेल्या जंतूंना पुरत नाही. पाच दिवसांत वरचे जंतू मरतात, लस आटते, माणूस निर्धास्त होतो आणि खालचा थर पक्का होत राहतो. किती दिवस औषध लागते, याचे भक्कम उत्तर फ्रान्समधील ‘दातिपो’ चाचणीत मिळते, जिचे निष्कर्ष २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिम सांध्याचे इन्फेक्शन झालेल्या चारशेहून अधिक रुग्णांना आधी योग्य शस्त्रक्रिया करून नंतर सहा किंवा बारा आठवडे अँटिबायोटिक दिले गेले. सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के रुग्णांचे इन्फेक्शन टिकून राहिले, बारा आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडेही जेथे कमी पडले, तेथे शस्त्रक्रियेविना पाच दिवस सांगणाऱ्याला काय म्हणावे?

शिवाय मनाने घेतलेल्या गोळीमुळे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, खोटे ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. जंतू आत असतात, पण प्रयोगशाळेत वाढत नाहीत, आणि कोणते औषध त्यांना लागू पडेल हे कळण्याचा मार्गच बंद होतो. म्हणूनच, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर, डॉक्टर कधी कधी आधी सुरू केलेले औषध बंद करून साधारण दोन आठवडे थांबतात आणि मगच नमुना घेतात. ज्या सुईची संदेशात भीती घातली आहे तिचे काम हेच : निर्जंतुक पद्धतीने सांध्यातले पाणी काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजणे आणि जंतू ओळखणे. त्या सुईने इन्फेक्शन होण्याची शक्यता अत्यल्प असते.

‘पुन्हा चिरतील’ हे मात्र खरे ठरू शकते. फरक इतकाच की लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गेल्यास अनेकदा सांधा उघडून, धुऊन, खराब भाग काढून आणि मधली प्लॅस्टिकची चकती बदलून धातूचे भाग वाचवता येतात. उशीर झाला की बहुधा सगळाच सांधा काढावा लागतो, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा नवा सांधा. दोनदा चिरण्याची वेळ हा संदेश पाळणाऱ्यावरच येण्याची शक्यता अधिक.

तापाचा मुद्दा चूक आहे. सौम्य जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये महिनोन् महिने नुसता गुडघा दुखतो. वर्षाची मुदतही काल्पनिक आहे, कारण पायाच्या चिघळलेल्या जखमेतून जंतू रक्तावाटे कितीही वर्षांनी सांध्यात पोहोचू शकतात, आणि मधुमेह्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. किमतीने जंतू अडत नाहीत. आटोक्यातली साखर आणि सोडलेली तंबाखू यांचा उपयोग त्याहून जास्त. घाबरू नये, हे त्या संदेशातले एकच वाक्य मला पटते, कारण पहिल्यांदा गुडघा बदललेल्या शंभरांपैकी साधारण एक-दोघांनाच हे इन्फेक्शन होते.

मी आत्याकडे गोळ्या न घेता गेलो आणि तिला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम पाहण्याआधी विचारले, ‘‘काही गोळी सुरू केली आहे का?’’ आत्या गप्प राहिली, मग पर्समधून शेजारणीने दिलेली अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्यातल्या दोन गोळ्या संपल्या होत्या. डॉक्टरांनी पट्टीवरचे नाव आणि गोळ्या घेतल्याची वेळ लिहून घेतली, आणि सुई कोणत्या दिवशी घालायची हे त्यानंतर ठरवले.