नाताळची सुट्टी, निषेधासह

यंदा पंचवीस डिसेंबर गुरुवारी आला. गुरुवारची सुट्टी, शुक्रवारी एक सीएल टाकली की शनिवार-रविवार आपलेच. एकूण चार दिवस. एवढं घबाड हाती लागल्यावर नागपूरकर माणसाने काय करावं? ताडोब्याचं बुकिंग करावं, हे तर झालंच. पण त्याआधी सुट्टीचा निषेध करावा. पुष्कळांना हे जमत नाही. नुसतीच सुट्टी घेतात बिचारे, आणि मग मनाला टोचणी लागते. त्यांच्यासाठी स्वानुभवातून चार युक्त्या सांगतो. अनुभव ताजा आहे, आमच्या बाल्कनीतल्या चांदणीची वायर अजून तशीच लोंबते आहे.

निषेध बुधवारी रात्रीच उरकून घ्या. गुरुवारी पहाटे गाडी काढायची असते, आणि जंगलात रेंज मिळत नाही.

शुक्रवारच्या सीएलचं कारण ‘घरगुती काम’ लिहा.

कायदा वाचायच्या भानगडीत पडू नका. ‘सेक्युलर देशात एका धर्माच्या सणाची सुट्टी कशाला?’ असा सवाल टाकायचा आणि मोकळं व्हायचं. मी मूर्खासारखा वाचायला गेलो. ही सार्वजनिक सुट्टी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम २५ खाली जाहीर होते. तिथे ना येशू आहे ना गणपती, तिथे हुंडी आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशीच भरली असं धरायचं, एवढीच त्या कलमाची काळजी. इतवारीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला पटेल. संविधानात धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेदही नेमका २५ वा. कलम २५, अनुच्छेद २५, तारीख २५. असलं काही मध्ये आणलं की वाद मिटतो, आणि वाद मिटला तर चार दिवस सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करायचं काय?

अमेरिकेचं उदाहरण तर देऊच नका. तिथे १८७० पासून ही केंद्राची सुट्टी आहे. सिनसिनाटीच्या एका वकिलाने १९९८ मध्ये थेट सरकारवर खटला भरला, की ही एका धर्माची बाजू घेणं झालं. न्यायाधीशबाईंनी पुढच्या वर्षी तो काढून टाकला, आणि निकालपत्रात चक्क यमक जुळवून कविता केली. सुट्टी देण्यामागे सरकारचा हेतू ऐहिक आहे, असं ठरलं. वरच्या कोर्टानेही ते उचलून धरलं. मी हे ग्रुपवर टाकलं. ‘ती अमेरिका आहे, हा भारत आहे’ असं तात्काळ उत्तर आलं. उत्तर देणारे गृहस्थ सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहेत.

आता मुख्य विषय, म्हणजे सोसायटीचा ग्रुप.

निषेधाला सावज लागतं. ते आपल्याच बिल्डिंगमध्ये शोधा, पेट्रोल वाचतं. आमच्याकडे ते मी निघालो. चोवीस तारखेला संध्याकाळी सात वाजता नातीने बाल्कनीत कागदाची चांदणी टांगली. सीताबर्डीवरून आणलेली, साठ रुपयांची, आत पिवळा बल्ब. सात पंचवीसला ग्रुपवर माझ्याच बाल्कनीचा फोटो. खालच्या पार्किंगमधून झूम करून काढलेला, चांदणीभोवती लाल गोल. वर मजकूर : ‘ही कोणाची संस्कृती?’ खाली अंगठ्यांची रांग. ‘तिसऱ्या माळ्यावर काय चालून राहिलं?’ ‘काका तर चांगले वाटत होते.’ दिवाळीत हाच आकाशकंदील म्हणून टांगला असता तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं, कारण दुकानदाराने दिवाळीतलाच उरलेला माल काढला होता.

मग एकीने आठवण करून दिली, की उद्या तुळशी पूजन दिवस आहे. अहो, तुळशीचं लग्न कार्तिकात लावून झालं ना! ऊस उभा केला, बोरं, चिंचा, आवळे वाहिले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली. माझ्या आईने उभ्या जन्मात एक दिवस तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेतला नाही, आणि तिला कधी त्यासाठी इंग्रजी महिन्याची तारीख लागली नाही. बरं, पंचवीसला पौष सुरू झालेला. पौषात आपण साखरपुडासुद्धा ठरवत नाही, आणि तुळशीला मात्र शेजाऱ्यावर सोडायला बाहेर काढायची? ज्या बाईंनी हे लिहिलं त्यांच्या गॅलरीतली तुळस मे महिन्यातच वाळून गेली. कुंडीत आता मोबाईलचा चार्जर ठेवलेला असतो. मी स्वतः पाहिला आहे.

तारखेला पर्याय कमी नाहीत. एकाने अटलजींचा फोटो टाकला. जन्म १९२४ चा, आणि २०१४ पासून हा दिवस सुशासन दिन. दुसऱ्याने पंडित मालवीयांचा टाकला, जन्म १८६१. दोन्ही रास्त, दोघांनाही नमस्कार. मग पहिल्या माळ्यावरच्या एका मुलाने लिहिलं, की १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. दीक्षाभूमीच्या गावात एकही अंगठा उठला नाही. सगळा ग्रुप गप्प. पाच मिनिटांनी कोणीतरी विचारलं, संत्रा बर्फी कोणाला हवी आहे का, गावाहून माणूस येतो आहे.

साडेआठला सेक्रेटरी दारात. “काका, समजून घ्या जी. कंप्लेंट आली ना. काढून टाका, काऊन वाद वाढवता?” त्यांच्या मागे त्यांचा पाच वर्षांचा मुलगा उभा होता. डोक्यावर लाल टोपी, आणि कापसाची दाढी एका कानाला लोंबत असलेली. सकाळी शाळेत सांता झाला होता, रात्रीपर्यंत टोपी काढायला तयार नव्हता. तो चांदणीकडे टक लावून पाहत होता. नातीने ती स्टुलावर चढून उतरवली, आणि बल्ब गरम होता म्हणून फ्रॉकच्या टोकाने धरला.

१६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होत असे, आणि तो लावणारे कट्टर ख्रिस्तीच होते. हे सेक्रेटरींना सांगू नका. पुढच्या सभेत ठराव येईल.

हिस्लॉप कॉलेजातून शिकलेल्यांनी तर विशेष जपून निषेध करावा. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाने ते १८८३ चं कॉलेज उभं आहे, तो इथे धर्म सांगायला आलेला स्कॉटिश पाद्री. पण त्याच्या स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती. तिथल्या चर्चलाच हा सण नको होता.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींसाठी. तुम्ही म्हणा, ‘नाताळ आता धार्मिक राहिलाच नाही, तो सगळ्यांचा झाला.’ सदरमधल्या बेकरीच्या रांगेत उभं राहून म्हणा, शोभतं. चर्चमध्ये रोषणाई बघायला जा, प्रार्थना चालू असताना सेल्फी घ्या. फक्त ज्यांच्यासाठी तो अजून धार्मिक आहे, त्यांना विचारू नका.

चौथ्या माळ्यावर एक सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात, दारावरची पाटी कोणी वाचलेली नाही. चोवीसच्या रात्री पारा दहाच्या खाली, शाल पांघरून ऑटोने चर्चला जातात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारी डबा : एक केकचा तुकडा, दोन करंज्या, चकली. दरवर्षी. त्याही ग्रुपवर आहेत. चोवीसला त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही, पण माझ्या प्रत्येक मेसेजपुढे दोन निळ्या रेघा होत्या, म्हणजे त्यांनीही वाचलं होतं.

पंचवीसला डबा आला नाही.

आणि सोमवारी सकाळी तुम्ही मला लिफ्टमध्ये भेटलात. हो, तुम्हीच, ज्यांनी खालून फोटो काढला. चेहरा उन्हाने रापलेला, गळ्यात अजून ताडोब्याची टोपी. वाघ दिसला म्हणालात. आणि मग, “काका, यंदा सिस्टरचा केक आलाच नाही का? बायको विचारून राहिली.”

अहो, लाज कशी वाटली नाही? वर्षभर रोज सकाळी साडेसातला तुमच्या आईला इन्सुलिन टोचायला त्या बाई जिना उतरून येत होत्या, तेव्हा विचारलंत का कोणाची संस्कृती? सुट्टी नको होती तर गुरुवारी ऑफिसात जाऊन बसायचं होतं. शुक्रवारी तरी जायचं होतं. तुम्हाला सुट्टी हवी, केक हवा, वाघ हवा, फक्त चौथ्या माळ्यावरची बाई गप्प हवी. केक पाहिजे ना? जा वर, बेल वाजवा, आणि स्वतःच्या तोंडाने मागा. माझ्याकडे नका विचारू.

आणि सप्टेंबरपासूनचं मेंटेनन्स थकलं आहे, ते भरा.