ती रेकॉर्ड लिपात्तीची नव्हे

रुमानियन पियानोवादक दिनू लिपात्तीच्या नावाने संगीतकार शोपँच्या ई मायनर पियानो कॉन्चेर्तोचं (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं) एक जुनं रेकॉर्डिंग अजूनही कौतुकाने पुढे पाठवलं जातं. ते त्याचं नाही. वाजवणारी आहे पोलंडची हालिना चेर्नी-स्तेफान्स्का. १९६०च्या दशकात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ते लिपात्तीचं म्हणून काढलं आणि जाणकारही फसले. घोळ उघडकीला आला १९८१मध्ये. (बाईंच्या वादनाला ही केवढी दाद!) लिपात्तीने हा कॉन्चेर्तो फेब्रुवारी १९५०मध्ये झ्युरिकला वाजवला होता, ते रेकॉर्डिंग वेगळं आहे, मिळतंही. कर्करोगाने तो त्याच डिसेंबरात गेला, अवघ्या ३३व्या वर्षी. सप्टेंबरात फ्रान्समधल्या बझाँसाँच्या शेवटच्या मैफलीत शोपँचे चौदा वॉल्ट्झ (नाचाच्या तालातल्या पियानोरचना) ठरले होते. तेराच झाले, चौदाव्याला अंगात त्राण उरलं नव्हतं.